मेळघाटात मुक्कामी कोर्सला जाताय? या चुका टाळा

पाठीवर सामान घेऊन मेळघाटात आठ-दहा दिवस चालायचं म्हटलं की बहुतेक जण त्याला मोठा ट्रेक समजतात. पहिली चूक तीच. मेळघाटातलं सर्वांत उंच असं वैराटचं ११७८ मीटरचं टोक जिप्सीनंही गाठता येतं. कोर्सला जायचं ते जंगल वाचायला आणि माणसांत राहायला शिकण्यासाठी. त्यासाठी थांबावं लागतं, आणि तेच जड जातं.

हिवाळ्यात वाळल्या गवतातून गेलं की मोजे कुसळांनी भरतात. लोक ती उपटून फेकतात आणि पुढच्यांना गाठायला पळतात. पळू नका, बसा. एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. त्याचा पीळ सुटू लागतो, शेपूट गोल फिरू लागते. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. दवानं ओलं, उन्हानं कोरडं होत होत हे बी मातीत घुसतं. तुमच्या मोज्यात रुतायलाही हाच पीळ कामी येतो. मोबाइलवर गवताचं नाव मिळेल, हे कळणार नाही. नाव नंतर सोबतच्या, इथल्याच कोरकू आदिवासी दादांना विचारा, ते गुरं काय खातात तेही सांगतील.

टाच चुरचुरली की "मुक्कामाला गेल्यावर बघू" म्हणत दामटू नका. संध्याकाळी फोड फुटतो आणि दुसऱ्या दिवशी तुमचं ओझं इतरांच्या पाठीवर जातं. तिथंच बूट काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा. कोरे बूट तर आणूच नका.

पहिले तीन-चार दिवस सगळेच गोड वागतात. मग पाणी कोण आणणार, भांडी कोण घासणार यावरून धुसफूस सुरू होते. शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये सुरू केलेल्या आउटवर्ड बाउंड या निसर्गात राहून शिकवणाऱ्या संस्थेचे कोर्स तर काही आठवड्यांचे असत; माणूस असा बरेच दिवस एकत्र राहिल्यावरच उघडा पडतो, असं मला वाटतं. धुसफूस पोटात ठेवू नका. रात्री जेवणानंतर बोला, पण "तू नेहमीच असा" नको. "आज दोन्ही वेळा पाणी मीच आणलं" एवढं घडलेलं सांगा.

शौचाचा खड्डा पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल हवा. नाल्याचं पाणी उकळूनच प्या. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊल टाकणं गुन्हा आहे, त्यामुळे वनविभागाचं पत्र आधी घ्या.

कोर्समध्ये जंगलात एकट्यानं गप्प बसण्याचा एक तास असतो; तो मात्र पहाटे किंवा तिन्हीसांजेला ठेवू नका. विदर्भात पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले झालेले आहेत. ऊन चढल्यावर, शिटी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, झाडाला पाठ टेकून बसा. मोबाइल गटप्रमुखाकडे द्या. पहिला अर्धा तास नुसता कंटाळा येतो, तेव्हा उठू नका. वनरक्षकानं "चला" म्हटलं, तर मात्र लगेच उठा.