पुण्याचं मोठं नाव की जवळचं लहान कॉलेज? बेळगावकडच्या आर्ट्सच्या मुलांनी कसं ठरवावं

सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात हाच वाद सुरू होतो. एक काका म्हणतात, ‘पुण्याला टाका, तिथं पोरगं चमकतं.’ दुसरे म्हणतात, ‘खानापूरला काय वाईट आहे? घरचं जेवण, घरची झोप.’ दोघांनीही दोन्हीकडची कॉलेजं बघितलेली नसतात. घरातली आणि शेजारपाजारची मिळून डझनभर पोरं मी ॲडमिशनला घेऊन गेलोय. त्यामुळे असले सल्ले ऐकले की आता डोकं उठतं.

आधी कशाची तुलना करतोय ते नीट बघा. ‘मी पुणे विद्यापीठात बी.ए. करणार’ म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा विद्यापीठाच्या आवारात बसणारच नसतो. तो बसतो संलग्न कॉलेजात. बहुतेक ठिकाणी विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, पेपर काढतं, पदवी देतं, शिकवतं कॉलेज. आपल्याकडेही तेच. बेळगावची कॉलेजं आधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली आली. निपाणीची तर गंमतच आहे. गावाला लागूनच अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे, पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि शिवाजी विद्यापीठाखाली. घर कर्नाटकात, पदवी कोल्हापूरची, आणि रात्री जेवायला घरी. तेव्हा विद्यापीठाच्या कमानीवर जाऊ नका. कॉलेज विरुद्ध कॉलेज असं बघा.

मग वर्षं मोजा. कर्नाटकानं २०२४-२५ पासून पदवी परत तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात तीन वर्षांनी बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. तीन वर्षांच्या पदवीवर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांच्या पदवीवर एका वर्षाचं. एम.ए. करायचंच असेल तर बेरीज सारखीच येते, त्यामुळे यावर घरात भांडू नका.

आता खरी मेख. विषय माहितीपुस्तकात असणं वेगळं आणि वर्गात चालणं वेगळं. मी इथंच तोंडघशी पडलोय. भाचीला मानसशास्त्र आणि इतिहास घ्यायचे होते. मोठ्या शहरातलं नावाजलेलं कॉलेज, गुळगुळीत माहितीपुस्तक, त्यात दोन्ही विषय छापलेले. फी भरली, टीसी दिली, खोलीचं डिपॉझिट दिलं. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला, ‘मामा, मानसशास्त्र काढून टाकलं. पोरं आठच आली म्हणे. समाजशास्त्र घ्या म्हणतात.’ ऑफिसात विचारलं तर माहितीपुस्तकाच्या तळाशी बोट ठेवलं. पुरेसे विद्यार्थी आले तरच विषय चालेल, असं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम एकच. ॲडमिशनच्या गर्दीत कॉलेज बघायचं नाही. सेकंड पीयूचं वर्ष सुरू असतानाच, दिवाळीच्या आधी, एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी अकराच्या सुमाराला जायचं. प्राचार्यांना भेटायची गरज नाही, ते चहा पाजतात आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, ग्रेड सांगतात. सरळ नोटीस बोर्डाकडे जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. तुमचा विषय फक्त पहिल्या वर्षालाच दिसत असेल तर समजून घ्या. मग त्या तासाला त्या वर्गाच्या दारात उभे राहा. सर आले का? आले तर पोरं किती? नुसतं डिक्टेशन चाललंय, की कुणी काही विचारतंय?

बाहेर कट्ट्यावरच्या पोरांना विचारा की या विषयाला कायमचे शिक्षक किती. कायम नसलेल्या शिक्षकांसाठी महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्वावर’ आणि आपल्याकडे ‘गेस्ट’ हे शब्द कानावर येतील. गेस्ट सर वाईट शिकवतात असं मी म्हणत नाही, उलट काही जीव तोडून शिकवतात. पण पुढच्या वर्षी ते तिथंच असतील याची खात्री त्यांनाही नसते. सगळा विभागच गेस्टवर असेल तर मी त्या कॉलेजचं नाव खोडतो.

शेवटी लायब्ररी. तुमच्या विषयाची चार पुस्तकं काढून शेवटचं पान उघडा. तिथं तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. एकदा एका देखण्या इमारतीत शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा निघाला. दुसरीकडे, एका तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या लायब्ररीत चिठ्ठीवर जागा संपून दुसरी चिकटवली होती. भाची पुढच्या वर्षी तिथंच गेली.

लहान कॉलेज म्हणजे आपोआप चांगलं, असं मात्र मानू नका. अमेरिकेतली लिबरल आर्ट्स कॉलेजं लहान असतात, ॲमहर्स्ट किंवा विल्यम्समध्ये साधारण दोन हजार मुलं. पण तिथं भर पदवीच्या मुलांवर असतो, आणि त्यांना शिकवणं हेच प्राध्यापकाचं मुख्य काम. आपल्याकडे लहान म्हणजे कधीकधी नुसतंच ओस पडलेलं. पोर प्रश्न विचारणारं असेल आणि जवळच्या कॉलेजात त्याच्या विषयाला दोन कायमचे शिक्षक असतील, तर मी पदवीला तेच सांगतो आणि एम.ए.ला शहर. विषयच इथं नसेल, तर पुण्याला जा.

पैशाचा हिशोब फीवर करू नका, खोली आणि मेसवर करा. आणि रेल्वे असलेलं शहर धरा. सीमाप्रश्न तापला की आधी एसटी बंद पडते.

कागदपत्रं: टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी. महाराष्ट्रात सीईटीतून होणाऱ्या व्यावसायिक कोर्सांच्या नियमांत सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे; इंजिनिअरिंगवाल्यांनी ती वाचावी. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, हे लेखी विचारून घ्या. आणि तुमचा विषय चालणार असं ऑफिसातून कळेपर्यंत मूळ टीसी हातातून सोडू नका. झेरॉक्स देतो, म्हणावं. क्लार्क कुरकुरतो, पण बहुतेक वेळा चार दिवस थांबतो.