एक्स्चेंज फंक्शनल: आधी वही, मग कोड

नवं फंक्शनल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायचं सूत्र, सुचलं की हात आधी कीबोर्डकडे जातो. मी असेच पंधरा दिवस घालवलेत. म्हणून सांगते, आधी वही काढा.

एलडीए म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी फक्त तिथली घनता बघणारं साधं फंक्शनल. त्याची एक्स्चेंज ऊर्जा (एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात, त्यामुळे कमी होणारी ऊर्जा) म्हणजे घनतेच्या ४/३ घाताचं इंटिग्रल गुणिले −०.७३८६. त्यात आपण घनतेच्या ग्रेडियंटवर, म्हणजे ती जागोजागी किती झपाट्यानं बदलते त्यावर, ठरणारा एक गुणक घालतोय. ग्रेडियंट शून्य असेल तिथे तो १ यायलाच हवा, नाहीतर एकसमान इलेक्ट्रॉन वायूचं उत्तरच बिघडतं.

पण नुसता ग्रेडियंट घालून चालत नाही. इलेक्ट्रॉन तेवढेच ठेवून सगळी लांबी निम्मी केली, तर एक्स्चेंज ऊर्जा बरोबर दुप्पट व्हायला हवी. लांबी निम्मी झाली की घनता ८ पट, ग्रेडियंट १६ पट; आणि ८ चा ४/३ घातही १६. म्हणून ग्रेडियंटला घनतेच्या ४/३ घातानं भागा आणि गुणक त्या भागाकारावरच ठरवा.

आता माझी चूक. लीब आणि ऑक्सफर्ड यांनी १९८१ साली सिद्ध केलेल्या मर्यादेमुळे ऊर्जा एका हद्दीपेक्षा खाली जात नाही. पीबीई या ग्रेडियंट वापरणाऱ्या फंक्शनलमध्ये (१९९६) तिचा आकडा १.६७९ घेतलाय. मी १.६७९ ला ०.७३८६ नं भागलं, २.२७ आले, तीच गुणकाची कमाल धरली. स्पिन विसरले! सगळे इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे असतील, तर एलडीएची ऊर्जा २ च्या घनमुळाइतकी, म्हणजे १.२६ पट होते. २.२७ भागिले १.२६, म्हणजे १.८०४. गुणक १ पासून सुरू होतो, म्हणजे वाढायला ०.८०४ उरतात; पीबीईतलं ते गूढ ०.८०४ इथून येतं. ही अट प्रत्येक बिंदूला पाळणं पुरेसं असतं, आवश्यक नसतं. झांग आणि यांग यांनी १९९८ साली ०.८०४ च्या जागी १.२४५ घातले आणि रेणूंच्या ऊर्जा सुधारल्या. तरी पहिल्याच प्रयत्नात ही सूट घेऊ नका.

शेवटी हायड्रोजन. एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे एक्स्चेंजनं त्याचं स्वतःशीच होणारं प्रतिकर्षण पूर्ण खोडायला हवं: −५/१६, म्हणजे −०.३१२५ हार्ट्री (अणूंच्या ऊर्जेचं एकक). स्पिन धरला तर एलडीए −०.२६८० देतो. तुमचा गुणक कायम १ ठेवून आधी हाच आकडा काढा. −०.२१२७ आला, तर तुम्हीही स्पिन विसरलात.