वॉर्ट झटपट गार करणारं तांब्याचं वेटोळं घरीच कसं करावं

सातूच्या माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या सातूचं) गोड पाणी हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळलं की वॉर्ट तयार होतं; हेच आंबवलं की बिअर होते. ते गार करताना मात्र घाई करावी लागते. 20 लिटरचं पातेलं तसंच ठेवलं तर रात्र उलटली तरी कोमट राहतं, आणि 60 अंशांच्या खाली आलेल्या गोड पाण्यात जंतू झपाट्यानं वाढतात. शिवाय गरम वॉर्टमध्ये डायमिथाइल सल्फाइड नावाचं वास मारणारं द्रव्य तयार होत राहतं. झाकण घातलं तर ते बाहेर पडत नाही आणि उकडलेल्या मक्यासारखा वास धरतो. लवकर गार केलं तर प्रथिनांचा साका तळाशी बसतो, वर नितळ पाणी राहतं. म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं वॉर्टमध्ये बुडवून नळीच्या आतून गार पाणी सोडायचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कर्नाटकात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यापुरतं असलं तरी; 1965 चा अबकारी कायदा तसं सांगतो. तेव्हा परवाना असेल तरच यीस्ट (साखरेचं मद्य करणारं किण्व) घाला. यीस्टशिवायचं माल्टचं पेय करायचं असेल तर हेच साधन जसंच्या तसं चालतं.

मुख्य खर्च नळीचा. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठंही एसी-फ्रिजची कामं करणाऱ्याकडे मऊ तांब्याची नळी गुंडाळीत मिळते. तीन अष्टमांश इंची, साधारण साडेसात मीटर घ्या. जुन्या एसीतून काढलेली स्वस्त पडते, पण तिला तेल लागलेलं असतं आणि बारीक भोकं दिसत नाहीत. मी नवीच घ्या म्हणेन. सोबत गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी, चार होज क्लिपा आणि डेझर्ट कूलरचा छोटा पंप. परतीच्या बाजूला पाणी फार तापतं, तिथं मात्र जाळीची जाड नळी लावा.

नळी वाकवायला 23-24 सेंटिमीटर व्यासाचा डबा किंवा डेचकी पालथी घाला. पातेल्याच्या काठापासून सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर जागा सुटायला हवी. पहिली 60 सेंटिमीटर नळी सरळ सोडा, मग डब्याला टेकवून सावकाश, तळव्यानं दाबत फिरवा. बोटांनी ओढू नका, चेमटते. आठेक वेढे होतात; वेढ्यांमध्ये बोटभर नाही तरी पेन्सिलीएवढं अंतर ठेवा, म्हणजे वॉर्ट मधून फिरतं. नळी काटकोनात वर वळवायची तिथं एसीवाल्याकडची वाकवायची स्प्रिंग चढवूनच वळवा. वेढे तांब्याच्या तारेनंच एकमेकांना बांधा.

एका गोष्टीत तडजोड नको: पातेल्याच्या आत एकही सांधा नको. डागकामात शिसं असू शकतं, आणि क्लिप कितीही आवळली तरी कधीतरी झिरपते. म्हणून नळीची दोन्ही टोकं काठावरून बाहेर नेऊन खाली वाकवा आणि प्लास्टिकची नळी तिथं जोडा. मग थेंब गळला तरी फरशीवर पडेल, वॉर्टमध्ये नाही. प्लास्टिकची नळी मिनिटभर गरम पाण्यात धरली की तांब्यावर सहज चढते. क्लिपा आवळून पाच मिनिटं साधं पाणी सोडून बघा.

वापरण्याआधी वेटोळं चिंच-मिठानं घासून स्वच्छ धुवा. कुठं हिरवट कळंक दिसला तर तो पूर्ण जायलाच हवा. मग उकळी थांबवायच्या 15 मिनिटं आधी ते पातेल्यात उभं करा, उकळीतच निर्जंतुक होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. थर्मामीटर बिघडला असं समजू नका.

ज्योत बंद केली की गच्चीवरच्या टाकीचं पाणी वेटोळ्यातून सोडा. सुरुवातीचं बाहेर येणारं पाणी चटका बसेल इतकं तापतं. ते बादलीत धरून भांडी घासायला ठेवा, पुढचं झाडांना घाला. अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हे सांगतो. वॉर्ट निर्जंतुक पळीनं हलवत राहा. नुसतं वेटोळं उभं ठेवलं तर त्याच्याभोवती गार थर जमतो आणि बाकीचं तसंच गरम राहतं.

चाळिशीपर्यंत उतार भरभर होतो, पुढं रेंगाळतो, कारण टाकीचं पाणीच उन्हाळ्यात 28-30 अंशांचं असतं. वॉर्ट तीस अंशांच्या आसपास आलं की टाकीची नळी काढून पंप जोडा: बादलीत बर्फ आणि पाणी, त्यात पंप, आणि परतीचं पाणी पुन्हा त्याच बादलीत. 20 लिटर 30 वरून 20 अंशांवर आणायला हिशेबानं दोन किलो बर्फ पुरतो. बाहेरची उष्णता धरून चार किलोची लादी फोडून घ्या. बर्फ थेट वॉर्टमध्ये टाकू नका. पंपाची पिन काढल्याशिवाय बादलीत हात घालू नका.

एल या प्रकारच्या बिअरचं यीस्ट 18 ते 22 अंशांना घालतात. माल्टचं पेय असेल तर तिथंच गाळून बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवा. वेटोळं बाहेर येतं तेव्हा लख्ख दिसतं, वॉर्टच्या आंबटपणानं वरचा काळेपणा निघालेला असतो. लगेच धुवा, आत फुंकून पाणी काढा आणि उलटं टांगून वाळवा. ओलं ठेवलं तर पुढच्या वेळेला कळंक पुन्हा घासत बसावं लागेल.