उलंगवाडी झाली की शिबिर: गावातल्या ताई-दादांचं प्रशिक्षण कसं ठरवावं

आमच्या संघटनेचे मुलामुलींचे गट यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत चालतात. रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात खेळ, गाणी, थोडं वाचन, कधी नाल्यापर्यंत फेरफटका. गट चालवणाऱ्या ताई-दादांना पगार नाही. कुणी शेतकरी, कुणी आशाताई, कुणाचं किराणा दुकान, कुणी नुकताच बारावी होऊन घरी बसलेला. त्यांचं प्रशिक्षण ठरवणं माझ्याकडे आहे. नवीन संयोजक आले की पहिलं मागणं असतं, "ताई, एखादा तयार कार्यक्रम पाठवा ना." तो मी पाठवत नाही. दुसऱ्या तालुक्यातला कार्यक्रम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही, म्हणून तो ठरवायचा कसा तेवढं सांगते.

आधी तारीख. भिंतीवरचं कॅलेंडर नंतर बघा, अगोदर शेत बघा. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, मग डवरणी आणि निंदण. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापूस वेचणी, त्यातच तूर. या दिवसांत दोन दिवसांचं शिबिर ठेवलं तर ज्यांना शेत नाही तेवढेच येतील, आणि मजुरीवर जाणाऱ्या ताया तर मुळीच येणार नाहीत. एप्रिल-मे लग्नसराईचे, आणि वरून ऊन असं की दुपारी पत्र्याच्या शाळेत बसवत नाही. म्हणून मुक्कामी शिबिर उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, फेब्रुवारीत. बारावीची परीक्षा असते, तेव्हा शाळेची खोली आणि मास्तर मोकळे आहेत का ते आधी विचारा. दुसरी अर्ध्या दिवसाची बैठक पोळा झाल्यावर, सोंगणी लागायच्या आत. तिसरी जूनच्या शेवटी, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात आणि गटात नवीन मुलं तेव्हाच येतात.

अर्ध्या दिवसाच्या बैठकीला बाजाराचा दिवस चांगला. त्या दिवशी आठवड्याच्या मजुरीचा चुकारा होतो, बरेच जण कामाला सुट्टी घेतात आणि तालुक्याला यायचंच असतं. सकाळी नऊला सुरू करून एक वाजता सोडा, म्हणजे बाजार हुकत नाही. कुणाचा बाजार हुकला की पुढच्या वेळी तो माणूस येत नाही, हे धरूनच चाला.

मग विषय. इथे लोक पुस्तकातून यादी काढतात: नेतृत्वगुण, व्यक्तिमत्त्व विकास, वेळेचं नियोजन. ऐकायला छान, पण रविवारी पटांगणात त्याचा उपयोग शून्य. मी शिबिराच्या महिनाभर आधी प्रत्येक गटाच्या ताई-दादाला एकच प्रश्न विचारते: गेल्या दोन महिन्यांत गटात असं काय झालं की काय करावं ते सुचलं नाही? फोनवर विचारा, व्हॉट्सअॅपवर नको. लिहायला सांगितलं की "सर्व ठीक आहे" एवढंच येतं. फोनवर मात्र मोकळं बोलतात. मोठी मुलं कबड्डीचं मैदान सोडत नाहीत, मुली कडेला उभ्या राहतात. एक लेकरू कुणाशीच बोलत नाही. कापसाच्या दिवसांत निम्मा गट वेचणीला जातो. तेरा वर्षांच्या मुलाच्या खिशात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेली पुडी, सापडला. ही उत्तरं एका कागदावर उतरवली की विषयांची यादी तयार झाली.

आता खर्रा. आपल्याकडे या विषयावर भाषण दिलं तर ऐकणाऱ्यांतले अर्धे दादा मधल्या चहाच्या सुट्टीत तोच घोटत उभे असतात. म्हणून भाषण नकोच. मी नाटुकलं करवून घेते. एक दादा मुलगा होतो, दुसरा दादाच राहतो. एका शिबिरात दादा झालेल्यानं मुलाच्या खिशातून पुडी ओढली आणि तोंडाच्या कॅन्सरवर सुरू झाला. मुलगा झालेला मोठा बेरकी. म्हणाला, "दादा, पयले तुमच्या खिशातली पुडी काढा ना." सगळे हसले. दादा उभाच राहिला, हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यानंतर मला काही सांगावंच लागलं नाही. बसलेल्यांनीच ठरवलं की रविवारी घरून निघाल्यापासून गट सुटेपर्यंत कुणी खर्रा खाणार नाही, आणि मुलाशी बोलायचं ते चारचौघांसमोर नाही, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी, बाजूला घेऊन. सोडाल का, असं मी विचारलं नाही. मोठ्या माणसाकडून एका शिबिरात तेवढी अपेक्षा धरू नये.

असे प्रसंग तीन-चार पुरतात. प्रत्येकाला तासभर द्या.

एक विषय मात्र कुणी सुचवला नाही तरी घ्यायचाच: मुलांची सुरक्षितता. एखाद्या मुलीनं ताईला काही सांगितलं, की अमका माणूस त्रास देतो, तर काय? ऐकून घ्यायचं, उलटतपासणी करायची नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, आणि तिचे शब्द तिच्याच भाषेत त्याच दिवशी लिहून ठेवायचे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. गावात "मिटवून टाका" म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे स्पष्ट शब्दांत सांगा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करवून घ्या. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, हा नियमही त्याच तासात.

पोळ्यानंतरची बैठक मी अपघातांवर ठेवते, कारण तेव्हा फवारणी चालू असते, गवत वाढलेलं असतं, साप निघतात. २०१७ साली याच दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ते कुणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते हे की औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पोरांना पाणी आणायला लावू नका, ताज्या फवारलेल्या वावरातून फेरफटका नेऊ नका. अंगावर औषध सांडलं तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवायचं, पोटात गेलं तर ओकारी काढायला लावायची नाही, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्यायचा. साप चावला तर करकचून बांधायचं नाही, चिरायचं नाही. हातपाय हलू न देता १०८ ला फोन किंवा सरळ ग्रामीण रुग्णालय. हे तोंडी सांगून भागत नाही. एकाला झोपवा, दुसऱ्याला, पाय हलू नये म्हणून, त्याच्या पायाला काठी आणि दुपट्टा बांधायला लावा.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडंच. स्काऊट चळवळीनं १९१९ साली इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कात मोठ्यांचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा त्या मोठ्यांनाच टोळ्या करून राहायला लावलं, मुलं राहतात तसं. मला याहून चांगली युक्ती सापडलेली नाही. सहा-सात जणांची टोळी, टोळीला नाव, टोळीचा नायक, पाणी भरायची आणि सतरंज्या झटकायची पाळी. पन्नाशीतले काका सुरुवातीला अवघडतात, दुपारपर्यंत त्यांचीच टोळी जास्त गोंधळ घालते. वीस-बावीसच्या वर माणसं घेऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या आधीच मांडून ठेवा, कुणाला मागायला लावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावातली खरी मुलं बोलवा. प्रत्येकानं दहा-पंधरा मिनिटं गट घ्यायचा. आधी घाबरतात: "मले बोलता येत नाही मॅडम, मी फक्त पोट्टे सांभाळतो." घेऊ द्या. झाल्यावर आधी त्यानं स्वतः बोलायचं, मग टोळीनं एक जमलेली गोष्ट सांगायची आणि एकच बदलायची. चार सूचना दिल्या की माणूस चारही विसरतो.

तायांच्या मुक्कामाचं वेगळं बघावं लागतं. एका गावातून दोघींना बोलवा, एकटीला घरचे पाठवत नाहीत. झोपायची खोली, कडी असलेला संडास आणि रात्री सोबत कोण आहे हे तुम्ही स्वतः घरी फोन करून सांगा, शक्यतो सासूबाईंशीच बोला. तान्हं लेकरू असेल तर सोबत आणू द्या. स्वयंपाक गावातल्या बचत गटाला द्या. वरण-भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी पुरे, गुलाबजामच्या पैशात प्रवासखर्च निघतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी भाडं प्रत्येकाला निघायच्या आधी रोख द्या. आणि समारोप शेवटच्या गाडीच्या तासभर आधी संपवा, पाहुण्यांचं भाषण बाकी असलं तरी.

शिबिरानंतर पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक गटाला भेट. वही तपासायला नाही. रविवारी जा, मागे बसा, आणि शिबिरात त्या माणसानं जे बदलायचं ठरवलं होतं तेवढंच बघा. नवीन ताई-दादाला जवळच्या गावातल्या जुन्याशी जोडून द्या, महिन्यातून एकदा एकमेकांचा गट बघू द्या. तुम्ही गेल्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. एखाद्याला मुलांसमोर उभं राहणं जमतच नाही असं दिसलं, तर त्याला काढू नका. शिबिराचं सामान, हिशेब, गाडी ठरवणं ही कामं द्या. पण ज्याचा हात मुलांवर उठतो, त्याला समज देऊन पुन्हा गटावर पाठवायचं नाही. त्याला त्याच आठवड्यात थांबवा आणि का थांबवलं ते पालकांना सांगा.