काम झालं, कागद राहिला : ‘कमवा आणि शिका’त या चुका टाळा

पोळा झाला की दरवर्षी माझ्या टेबलासमोर दोन-चार पोरं येऊन उभी राहतात. “भाऊ, कमवा आन् शिकाचा फारम कुठी भेटते?” मी विचारतो, “जुलैत कुठं होतास?” उत्तर ठरलेलं. “डवऱ्यावर होतो जी,” म्हणजे वावरात कोळपणीला. मुलगी असेल तर, “निंदाले जात होती.” खोटं कुणीच बोलत नसतं. तारीख मात्र निघून गेलेली असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालय परिचर आहे. त्याआधी दुसऱ्या एका कॉलेजात याच योजनेत काम करत बी.ए. केलं. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. एवढ्या वर्षांत कामचुकारपणामुळे पैसे बुडालेली पोरं मला फार थोडी दिसली. कामं केली जातात, त्यांचे कागद होत नाहीत, आणि पैसा बुडतो तो तिथे.

नवीन मुलांसाठी एवढंच सांगतो की कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे रुजवलेली ही रीत आता राज्यातल्या अनेक विद्यापीठांत आणि कॉलेजांत चालते. गरजू विद्यार्थ्यानं रोज थोडे तास ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात किंवा बागेत काम करायचं आणि तासाच्या हिशेबानं मानधन घ्यायचं. जागा मोजक्या असतात. दर किती, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. मागच्या वर्षीच्या पोरानं सांगितलेला आकडा धरून घरी हिशेब मांडू नका.

सूचना जुलैत लागते, आपण पोळ्यानंतर येतो

कॉलेजचं कॅलेंडर आणि वावराचं कॅलेंडर कधीच जुळत नाही. आपल्याकडे डवरणी-निंदण, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धानाची रोवणी, आणि नेमक्या त्याच दिवसांत सूचना फलकावर अर्जाचा कागद चिकटतो. पावसात ओला होऊन पंधरा दिवसांत तो पडूनही जातो.

उपाय साधा आहे. प्रवेशाच्या दिवशीच विचारून ठेवा की ही योजना कोणत्या सरांकडे आहे. पूर्वी ‘विद्यार्थी कल्याण’ म्हणायचे, २०१६च्या विद्यापीठ कायद्यानंतर ‘विद्यार्थी विकास’ म्हणतात. पाटी कोणतीही असो, खोली तीच. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबून राहू नका, तिथे सूचनेपेक्षा गुड मॉर्निंग जास्त असतात. तालुक्यालाच राहणारा एखादा मित्र धरा, आठवड्यातून एकदा फलक बघायला सांगा.

तारीख हुकलीच तर घरी परत जाऊ नका. साधा अर्ज लिहा, आवक क्रमांक टाकून पोच घ्या. दिवाळीनंतर कापूस फुटला की यादीतली काही पोरं हमखास गळतात, जागा रिकाम्या होतात. त्या वेळी ज्याचा अर्ज फायलीत आहे त्याला बोलावतात. तोंडी सांगून गेलेल्याचं नाव कुणाला आठवत नाही.

दाखला मागच्या सालचा

ही चूक हुशार मुलंही करतात. अकरावीला काढलेला उत्पन्नाचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला असतो आणि तोच जोडतात. एका वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच धरला जातो. नवीन सत्रासाठी नवीन दाखला, तहसीलदारांच्या सहीचा. सेतूतून किंवा ‘आपले सरकार’वरून अर्ज करता येतो, तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि तलाठीसाहेब सातबारा, पंचनामे यात अडकलेले असतील तर चकरा होतातच. म्हणून मे महिन्यातच कामाला लागा. अर्जाची पावती फेकू नका. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखला ठरलेल्या मुदतीत मिळायला हवा, आणि ती मुदत मोजायला पावतीवरची तारीखच लागते.

केशरी किंवा पिवळं राशन कार्ड म्हणजे उत्पन्नाचा दाखला नव्हे. आणि नाव! आधारवर ‘पांडुरंग’, सातबाऱ्यावर ‘पांडूरंग’, मार्कशीटवर नुसतं ‘पी.’. आपल्याला काहीच वाटत नाही, संगणकाला मात्र हे तीन बाप वाटतात.

पैसे गेले कुठं?

“भाऊ, सगळ्याइचे जमा झाले, माहेच काहून नाही?” या प्रश्नावर मी आधी पासबुक मागतो. दहापैकी बरेचदा खातं बाबांच्या सोबतचं संयुक्त असतं, किंवा शाळेत असताना काढलेलं आणि त्यानंतर न उघडलेलं. दोन वर्षं व्यवहार नसेल तर बँक खातं निष्क्रिय धरते. केवायसीचे कागद पुन्हा दिले की ते सुरू होतं, त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. मानधनासाठी स्वतःच्या एकट्याच्या नावाचं, किमान शिल्लक न लागणारं खातं ठेवा. बाबांच्या पीककर्जाच्या खात्याशी आपली कमाई मिसळू देऊ नका. कर्ज थकीत असलं की तिथल्या पैशाला वाटा फुटतात.

इथे एक गोष्ट पोरांना नेहमी गोंधळात टाकते. कॉलेज मानधन पाठवतं ते तुम्ही लिहून दिलेल्या खाते क्रमांकावर. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मात्र येते आधारला जोडलेल्या खात्यात, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं त्या खात्यात. म्हणजे एक रक्कम एकीकडे, दुसरी दुसरीकडे. एका मुलीची शिष्यवृत्ती सिमकार्ड घेताना उघडलेल्या एका खात्यात सहा महिने पडून होती आणि ती रोज ग्रामीण बँकेच्या दारात.

ग्रामीण बँकेवरून आठवलं. आपल्या भागातली विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड बघून फॉर्म भरणार असाल तर आधी शाखेत जाऊन आजचा कोड विचारा आणि नवीन पासबुकाचीच झेरॉक्स जोडा.

कामाची वेळ एस.टी.ला विचारून ठरवा

पहिल्या वर्षाची मुलं उत्साहात ‘कोणतीही वेळ चालेल’ असं लिहून देतात. मग कळतं की गावाची शेवटची गाडी साडेपाचची आहे आणि ग्रंथालयातली पाळी सहाला संपते. चार दिवस सरांची परवानगी घेऊन लवकर निघतात, पाचव्या दिवशी लाज वाटते, सहाव्या दिवसापासून येतच नाहीत. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता अर्ज घेतानाच मी विचारतो, गाव कोणतं आणि गाडी किती वाजताची.

तुमचं वेळापत्रक कागदावर मांडा. तासिका, प्रात्यक्षिकं, गाडी, आणि मग उरलेल्या फटीत काम. सकाळची पहिली गाडी आठला पोचते आणि वर्ग साडेदहाला असेल तर ते अडीच तास सोन्यासारखे आहेत. झाडझूड, पेपर लावणं, पुस्तकं रॅकवर चढवणं ही कामं तेव्हाच असतात. पाससाठी बोनाफाईड वेळेवर काढा. विद्यार्थी पासात भाड्याचा एक तृतीयांशच भार पडतो. मुलींनी महिलांच्या पन्नास टक्के सवलतीवर समाधान मानून रोज तिकीट फाडू नये, पास त्याहून स्वस्त पडतो. नाहीतर अर्धं मानधन वाहकाच्या बॅगेत जातं.

कामासाठी तासिका बुडवणं हा दुसरा सापळा. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली गेली की परीक्षेचा फॉर्म अडतो, आणि तेव्हा ‘मी कॉलेजचंच काम करत होतो’ हे कारण चालत नाही. एखादे सर वर्गाच्या वेळेत बोलावत असतील तर नम्रपणे सांगा, “सर, माझा तास आहे, सुटल्यावर येतो.” रागावणारे सर मला तरी अजून भेटले नाहीत.

आता कापूस. वेचणीच्या दिवसांत किलोमागे मजुरी मिळते आणि चपळ हाताला कॉलेजच्या मानधनापेक्षा ती जास्त पडते. त्यात घरचाच कापूस असेल तर प्रश्नच मिटला. लोक म्हणतात पोरांनी शिक्षण सोडून वावरात जाऊ नये. म्हणणाऱ्यांच्या घरी बहुतेक वावर नसतं. माझं म्हणणं वेगळं आहे. जायचं तर जा, पण लिहून देऊन जा. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत येऊ शकणार नाही’ एवढा दोन ओळींचा अर्ज ठेवला तर जागा टिकण्याची आशा राहते. न सांगता गायब झालं की नाव कटतं, आणि पुढच्या वर्षी तुमच्या गावच्या पोरालाही ‘तिकडचे टिकत नाहीत’ म्हणून मागे ठेवतात. हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास येते, तेवढं डोक्यात असू द्या.

सही नाही तर काम नाही

ही चूक माझी स्वतःची. दुसऱ्या वर्षाला मला बागेचं काम होतं. आळे करायचे, पाणी द्यायचं, पाला गोळा करून खड्ड्यात टाकायचा. मला ते आवडायचं, घरच्यासारखं वाटायचं. हजेरीचा कागद सरांच्या कपाटात असे आणि सर रोज भेटत नसत, म्हणून मी ठरवलं की महिनाअखेर एकदम सह्या करू. महिना संपायच्या आत सरांची बदली झाली. नवीन सर म्हणाले, “मी तुला काम करताना पाहिलंच नाही, सही कशी करू?” त्यांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. बावीस दिवसांचं मानधन गेलं. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “झाडं तं जगली न?”

तेव्हापासून मी पोरांना चाळीस पानी वही घ्यायला लावतो. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय काम केलं ते एका ओळीत, आणि शेजारी त्याच दिवशी सही. ‘ग्रंथालयात काम’ असं लिहू नका. ‘दाखल नोंदवहीत ३० पुस्तकं चढवली’ असं लिहा. आठवड्यातून एकदा त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. कॉलेजचा अधिकृत हजेरीपट वेगळा असतो, तोही वेळच्या वेळी भरायचा. पण तो हरवला, भिजला, उंदरांनी खाल्ला तर तुमची वही बोलते.

उलटही होतं. न केलेल्या दिवसांच्या सह्या ठोकायच्या. एकदा सापडलं की फक्त त्या मुलाचं नाव जात नाही, सगळ्यांच्याच हजेरीपटाकडे संशयानं बघितलं जातं.

झाडू हातात घ्यायला लाजू नका, पण कुणाच्या घरचा गॅस सिलिंडर आणणं, गाडी धुणं ही योजनेतली कामं नाहीत. तसं सांगितलं तर ज्यांच्याकडे योजना आहे त्या सरांना भेटा, एकट्यानं नको, दोघं-तिघं मिळून.

काम मिळालं म्हणून शिष्यवृत्ती सोडू नका

“मले काम भेटलं, आता महाडीबीटी कशाले?” असं म्हणणारा एक तरी दरवर्षी निघतो. अरे, हे मानधन चहा-झेरॉक्स-पासपुरतं आहे. फी, खोली, मेस यांसाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारकाच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या लेकरासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयं, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना (हे आधार कार्ड नव्हे). उत्पन्नाचा तोच दाखला इथेही लागतो, म्हणजे एका चकरेत दोन कामं होतात.

आणि पैसा हातात आला की? जूनमध्ये घरी बियाण्याची ओढाताण असते. बाबा तोंडानं मागत नाहीत, पण रात्री अंगणात बसून विडी जास्त ओढतात, ते आपल्याला कळतं. द्या. पण आधी परीक्षा फी बाजूला काढून मग द्या. कपाशीचं एक पाकीट उधारीवर येऊ शकतं, परीक्षेचा फॉर्म उधारीवर भरून घेत नाहीत. मोबाईलच्या हप्त्याबद्दल मी काही बोलत नाही, बोललो की पोरं ग्रंथालयात यायची बंद होतात.

मार्चचं बिल

कॉलेजचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला मिटतं. फेब्रुवारी-मार्चच्या कामाचा हजेरीपट लेखा विभागात मार्च संपायच्या आत पोचला नाही, तर ते बिल पुढच्या वर्षात ढकललं जातं, आणि तोवर उन्हाळी परीक्षा होऊन तुम्ही गावी गेलेले असता. म्हणून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारा, “साहेब, माझं नाव बिलात आहे का?” आहे म्हणाले तरी यादी बघून या. तृतीय वर्षाला असाल तर त्याच चकरेत केलेल्या कामाचं प्रमाणपत्र मागून घ्या. टी.सी. काढून गेल्यावर ते द्यायला कुणाला फुरसत नसते, मलासुद्धा.