मणक्यातला गॅप

पहिल्या वर्षी अॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला बाईंनी एक सुटा मणका माझ्या हातात ठेवला. "कुठला?" यादी तोंडपाठ होती, तरी मी ते हाड नुसतं उलटंसुलटं करत राहिले. फिजिओथेरपीला नुकत्याच आलेल्यांनी तरी ही चूक करू नये, म्हणून हे लिहितेय.

आकडे एका संध्याकाळीत उरकतात. मानेचे ७ (सी१ ते सी७), पाठीचे १२ (टी१ ते टी१२), कमरेचे ५ (एल१ ते एल५). आमच्या हॉस्टेलचं सूत्र होतं: ७ ला पोहे, १२ ला जेवण, ५ ला चहा. खाली त्रिकास्थीचे ५ एकजीव झालेले आणि माकडहाडाचे साधारण ४, एकूण ३३. खरा वेळ बोन सेटला, म्हणजे सुट्या हाडांच्या संचाला द्या. सीनियरकडून मागून आणा, डोळे मिटून चाचपा. आडव्या टोकाला भोक लागलं तर मानेचा. बाजूला बरगडी टेकायची गुळगुळीत जागा लागली तर पाठीचा. दोन्ही नाही आणि वरून पाहिल्यावर राजम्याच्या दाण्यासारखा जाडजूड, तर कमरेचा.

मग रूममेटची पाठ आणि खडू. मान खाली घालायला सांगा, मानेच्या तळाशी टेंगूळ येतं तो बहुधा सी७ (कधी कधी टी१ त्याच्याहून वर उठलेला असतो, फसू नका). हात खाली सोडले की खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक टी७ च्या आसपास. आणि विठोबासारखे कमरेवर हात ठेवून दोन्ही बाजूंची हाडाची कड जोडणारी रेघ मनात ओढली की ती एल४ वरून जाते. मोठ्या माणसात मज्जारज्जू एल१-एल२ च्या आसपास संपतो, म्हणून पाठीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई या रेघेजवळ घालतात. हे वाचून नाही, खडूची खूण केल्यावर डोक्यात बसलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, मात्र दांडी उडालीच. "एल४-एल५ च्या मधली गादी सरकली, कुठली नस दबेल?" मी ठोकून दिलं, एल४. परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या मुलीकडे वळले. घरी येऊन चित्र काढलं तेव्हा कळलं. एल४ ची नस तिच्या मणक्याखालून, गादीच्या वरच्या अंगालाच बाहेर पडून गेलेली असते. गादी बहुतेक वेळा मागे आणि जरा बाजूला फुगते, आणि तिथून खाली उतरणारी एल५ सापडते. मानेत नसा ८ आणि मणके ७, तिथे नस आपल्या मणक्याच्या वरून निघते. म्हणून सी५-सी६ ला सी६ दबते. उत्तर दोन्हीकडे खालचाच आकडा, कारणं मात्र वेगळी. मला कारण माहीत नव्हतं.

ओपीडीत गेल्यावर भाषाच बदलते. तिथे 'डिस्क प्रोलॅप्स' (गादी सरकणं) कुणालाच होत नाही. उसण भरते, नस दबते, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मणक्यात गॅप येतो. एक रिक्षावाले काका एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणाले, "मॅडम, गॅप आलाय." मी उत्साहात सांगितलं की गॅप असायलाच हवा, तिथेच तर गादी असते, एक्स-रेत ती दिसत नाही म्हणून मोकळी जागा वाटते, झिजली की ती जागा उलट कमी होते. काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे माझा गॅप कमी झालाय. तो वाढवायचा कसा?"

सर मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "काका, चप्पल निसटते का?" उजवीच निसटते, कळतसुद्धा नाही, काका म्हणाले. मी दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगितले. डावा पटकन वर आला. उजवा जागचा हलेना. एल५ ची नस दबलेली. लघवी-संडासवर ताबा आहे ना, हे विचारायचं मी विसरले होते. तेही सरांनीच विचारलं. ताबा होता. तरी शेकायचं मशीन बाजूला ठेवायला लावून सरांनी त्याच दुपारी त्यांना चिठ्ठी देऊन ऑर्थोकडे धाडलं.