इंग्लंडच्या गारठ्यात होम ओक कसा लावायचा

स्पेन-इटलीला फिरून आलं की खूप जणांना वाटतं, ते बाराही महिने हिरवं राहणारं ओकचं झाड आपल्या इकडच्या बागेत लावावं, पण थंडीत टिकेल का? तर दक्षिण इंग्लंडमध्ये बिनधास्त लावा. हा ओक म्हणजे होम ओक (holm oak), तो इथे सोळाव्या शतकापासून आहे, नॉरफोकला होल्कम हॉलच्या पार्कात याची केवढी मोठाली झाडं आहेत, आणि आयल ऑफ वाइट बेटावर व्हेंटनरच्या टेकड्यांवर तर तो एवढा पसरला की त्याला आवर घालायला नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेने १९९३ मध्ये तिथे शेळ्या सोडल्या. उत्तराखंडात ट्रेकला गेलेल्यांनी बांज बघितला असेल, पानाची खालची बाजू पांढुरकी असलेला, हा त्याचाच भाऊबंद.

जमलेलं मोठं झाड उणे दहाची थंडीही काढतं, फार तर पानं करपतात आणि उन्हाळ्यात नवी येतात. झाड खरं जातं ते मुळाशी पाणी साचून, त्यामुळे थंडीपेक्षा निचऱ्याची काळजी करा. चुनखडीची जमीन, रेताड जमीन, समुद्राचा खारा वारा, सगळं याला चालतं. पण हिवाळाभर जिथे चिखल असतो तिथे नको, आणि स्कॉटलंडच्या आतल्या डोंगराळ भागात, जिथे दंव दिवस दिवस हटत नाही, तिथेही मी लावायला सांगणार नाही.

नर्सरीतलं मोठं महागडं झाड आणण्यापेक्षा बी लावा असं माझं ठाम मत आहे, कारण याचं सोटमूळ फार लवकर खोल जातं आणि कुंडीत गोल गोल फिरलेलं मूळ पुढे कधी नीट पसरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडाखाली पडलेली ताजी एकॉर्न्स, म्हणजे ओकच्या बिया, गोळा करा (बाग खाजगी असेल तर आधी विचारा), घरी आणून पाण्यात टाका आणि तरंगतील ती फेकून द्या. बाकीची त्याच आठवड्यात पेरा, आपण भोपळ्याच्या बिया वाळवून डब्यात ठेवतो तसं इथे अजिबात करायचं नाही, वाळलं की हे बी मेलंच.

कुंडी रुंद नको, खोल हवी, निदान ३० सेंटीमीटर. साध्या कंपोस्टमध्ये (इथे कुंडीत भरायला मिळणारी तयार माती) भरपूर ग्रिट, म्हणजे बारीक खडी, मिसळा, बी आडवं ठेवून वर दोन-तीन सेंटीमीटर माती घाला आणि वरून बारीक जाळी घट्ट बांधा, नाहीतर खारी आणि उंदीर एकही ठेवणार नाहीत. कुंडी बाहेरच राहू दे. आधी मूळ खाली जातं, कोंब वसंतात दिसतो, म्हणून मार्चमध्ये वर काही दिसलं नाही तरी उकरून बघू नका!! कोवळी पानं पांढऱ्या लवेची असतात आणि लहान रोपाच्या पानांना कडेने काटे असतात, ते बघून चुकून हॉली (काटेरी पानांचं इथलं झाड) उगवली की काय असं वाटतं पण ते बरोबर आहे, झाड उंच झालं की वरची पानं साध्या काठाची येतात.

एक-दोन वर्षांचं रोप झालं की एप्रिल-मेमध्ये जमीन जरा गरम झाल्यावर कायमच्या जागी लावा. खड्ड्यात खत कोंबू नका, तीच माती परत भरा, वर पालापाचोळ्याचा थर द्या पण खोडाला टेकवू नका. पहिले दोन उन्हाळे पाणी घाला, आणि पहिले एक-दोन हिवाळे पूर्वेच्या बोचऱ्या वाऱ्याच्या बाजूने शेडनेट किंवा गोणपाट लावा, कारण लहान रोप मोठ्या झाडाइतकं काटक नसतं.

जूनमध्ये जुनी पानं ढिगाने गळतात, घाबरू नका, ते त्याचं नेहमीचंच आहे. पानांवर तपकिरी डाग दिसले तर बहुतेक पान पोखरणारी अळी असते, दिसायला वाईट पण झाडाला फारसा धोका नाही, फवारणी नको.

आता जागेचं. मोकळं सोडलं तर हे २० मीटरच्या वर जातं आणि खाली दाट सावली करतं, त्यामुळे घराजवळ, विशेषतः लंडनसारख्या चिकणमातीच्या भागात, झाड म्हणून लावूच नका. टेरेस्ड घराच्या (एकाला एक लागून ओळीने असलेल्या घरांपैकी) छोट्या बागेत हेज, म्हणजे झाडांचं कुंपण, करा, याला कात्री छान मानवते, ऑगस्टच्या शेवटी एकदा छाटलं की वर्षभर भिंतीसारखं दाट राहतं.